टोचन

वाडीला, ट्रान्सपोर्टच्या मागच्या गल्लीत
आमची बारा-दहा उभी होती लाकडी ठोकळ्यांवर,
चाकं काढून.
चौऱ्याण्णवचं मॉडेल. दारावर पुसट:
'डोंगरवार ब्रदर्स, कळमना'.
ब्रदर्सपैकी एक मी.
दुसरा शिवदास, पलीकडे बाजेवर,
डावा पाय गुडघ्यापर्यंत.

तिनं आधी संत्री वाहिली,
मग कोळसा, मग कोराडीची राख,
मग जे मिळेल ते, मग काहीच नाही.
मी म्हटलं, माल नाही तर ट्रकच ओढू.
बंद पडणाऱ्यांचा धंदा बंद पडत नाही.

मोईन मिस्त्रीकडं यादी नेली:
टर्बो, मोठा रेडिएटर, जड क्लच, मागं विंच.
त्यानं यादी खिशात घातली न वाचता
आणि गाडीखाली शिरला.
दीड तासानं आधी पाय बाहेर आले, मग पोट, मग शिवी.
"टर्बो काऊन पाहिजे बे तुले?
ओढाले काय, बैलही ओढते.
थांबवशील कसा, थे सांग."

हातात जुना ब्रेकपाइप दिला. बोटानं दाबला,
तांबडा भुगा झाला.
"कधीचा जोड आहे हा?"
जुना, म्हणालो.
पुढच्या भाड्यानंतर बदलू, असं ज्या वर्षी म्हणालो होतो
त्या वर्षीचा, असं नाही म्हणालो.
कोंढाळीच्या उतारावर शिवदासनं पेडल दोनदा मारलं होतं.
तिसऱ्यांदा बाभूळ होती.

पैशासाठी हिंगण्याकडचा प्लॉट गेला.
त्यावर घर नव्हतंच, त्यामुळे
पडलं काहीच नाही.

मे महिना. पाना उन्हात राहिला तर हाताची कातडी धरायचा.
भंगारातून कॉम्प्रेसर आला, हवेच्या दोन टाक्या आल्या,
चेसिसला आतून पट्टी, बोल्ट आवळून.
वेल्डिंगचं नाव काढलं तर मोईन कानफाटात मारणार होता:
"हाड आहे थे. हाडाले डाग देतेत काय?"
कमानीत तीन पाटे वाढवले.
सात दातांचा पिनियन काढून सहा दातांचा बसवला,
पळणं कमी, रेटणं जास्त.
एक दात गेला की जोर वाढते, असं तो म्हणाला
आणि हसला. त्याचे स्वतःचे चार गेलेत.

टर्बो सगळ्यात शेवटी.
सेल मारला. काळा धूर, मग करडा, मग नुसती थरथरणारी हवा.
बाजेवरून डोळे मिटूनच आवाज आला,
"तिसऱ्याचा टॅपेट ठोकते."
अकरा वर्षांत गाडीबद्दल त्याचं हे पहिलं वाक्य.

पहिला फोन रात्री पावणेदोनला.
कोंढाळीच्या अलीकडं नवाकोरा ट्रक, रिकामा,
पडद्यावर पिवळा दिवा, सेन्सर रुसलेला,
विशीतला ड्रायव्हर मोबाइलचा उजेड धरून
इंजिनकडं पाहात होता, विहिरीत वाकून पाहावं तसा.
शिवदास सोबत आला होता.
केबिनमध्ये कसा चढला ते मी पाहिलं नाही,
त्यानं तेवढ्यासाठीच मला स्टेपनी तपासायला पाठवलं होतं.

टोचनची दांडी अडकवली.
आमच्या टाकीतली हवा नळीनं त्याला दिली,
त्याशिवाय त्याची चाकं सुटेनात.

उतार आला.
बाभूळ आता नाही, तिथं ढाब्याचा बोर्ड आहे.
दुसऱ्या गिअरवर आणली, ब्रेकवर पाय ठेवला
तेव्हा शेजारी त्याचा उजवा पाय
फरशीवर दाबला गेला, माझ्यासोबत,
माझ्या थोडा आधीच.
दोन्ही गाड्यांची हवा सुटली,
एकदा जवळून, एकदा मागून.
थांबल्या.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग काच खाली करून तो थुंकला बाहेर
आणि म्हणाला,
"टॅपेट अजून ठोकूनच रायला बे."